आधी कोबी की आधी वाइन? बरणी नेण्यापूर्वी वाचा

ऑगस्ट सरता सरता इथे ब्रिटनमध्ये कुंपणांवरच्या ब्लॅकबेरी पिकल्या की आमच्या दुकानात एकच प्रश्न सुरू होतो : "घरी काहीतरी करून बघायचंय, भाज्या आंबवू की वाइन करू?" ओव्हनचा दिवा लावून इडलीचं पीठ फुगवणाऱ्यांना आंबवणं म्हणजे काय हे सांगायला नको.

आमचं मत : पहिल्यांदाच करताय, तर कोबी. एक किलो बारीक चिरा, 20 ते 25 ग्रॅम मीठ चोळा (वजन करून; चमच्याचा अंदाज नको), पाणी सुटलं की बरणीत दाबून भरा. कोबी त्या खारात बुडालेला राहिला पाहिजे. विरजण लागत नाही, आंबवणारे जंतू पानांवरच असतात. आठवड्यानं चाखा, थंडीत दोन-तीन आठवडेही लागतात. बिघडलाच तर एक गड्डा गेला.

वाइनला यीस्ट हवं, प्रत्येक नळी-बाटली निर्जंतुक हवी, आणि चांगला ग्लास हाती यायला कित्येक महिने. घरच्यापुरती करायला ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही, पण विकता येत नाही. तेव्हा मंडळाच्या दिवाळी स्टॉलवर मांडू नका. सुट्टीत पुण्याला गेल्यावर तिथेही करून दाखवू नका. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा आहे.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक : आट्यांचं झाकण गच्च आवळणं. एक किलो साखर पूर्ण आंबली की जवळपास अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास. साडेचार लिटर वाइनला साधारण तेवढीच साखर पडते. एवढा वायू जाणार कुठे? गेल्या वर्षी एका काकूंनी आवळलेली बरणी बॉयलरच्या कपाटात ठेवली. टॉवेलांपासून छतापर्यंत जांभळे शिंतोडे! मग झाकण घेऊन आल्या, "बदलून द्या. आईच्या लोणच्याच्या बरणीला कधी काही झालं नाही." होणार कसं? तिच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधलेला असायचा.

म्हणून कोबीचं झाकण पहिले चार-पाच दिवस रोज एकदा सैल करा. वाइनला एअरलॉकच (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) लावा, दोन पौंडांचा आहे. बुडबुडे थांबले म्हणून लगेच बाटल्या भरू नका. हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती नळी) आकडा तीन दिवस हलला नाही, की मगच.

भरलेली बरणी आम्ही बदलून देत नाही. वाइनचं सामान देताना चार प्रश्न विचारतो, त्याचा राग मानू नये. कपाट तुमचंच वाचतं. कोबीला घेतलेला एअरलॉक धुऊन पुढे वाइनला चालतो. रबरी बूच मात्र वेगळं घ्या, कोबीत घातलेल्या लसणाचा वास त्यातून जात नाही.

शनिवारी काउंटरवर आमचा कोबी चाखायला ठेवलेला असतो. हिरवी मिरची घातलेला आधी संपतो, तेव्हा दुपारच्या आत या.