सूज घरी, तज्ज्ञ दूर: लिम्फेडेमा आणि दाबाचे मोजे

लिम्फेडेमा म्हणजे लसिका हा शरीरातला द्रव वाहून न गेल्याने हातापायाला येणारी सूज. सुरुवातीला ती फसवी असते. संध्याकाळी पाय किंवा हात जड होतो, रात्रभर उशीवर ठेवला की सकाळी हलका वाटतो, आणि माणूस दुखणं पुढे ढकलतो. काही महिन्यांनी मात्र सकाळीही सूज तशीच असते. तिथवर पोहोचलेल्या रुग्णाला ‘दाबाचे मोजे घाला’ असं सांगितलं जातं, आणि खेड्यात राहणाऱ्याची खरी अडचण तिथून सुरू होते. जवळच्या औषध दुकानात क्रेप बँडेज मिळतं, फार तर व्हेरिकोज व्हेन्ससाठीचे (फुगलेल्या शिरांसाठीचे) तयार मोजे मिळतात. लिम्फेडेमाचं माप घेणारं माणूस मिळत नाही.

या दुखण्याला आयुष्यभर रोज थोडा वेळ द्यावा लागतो, हे खरं. पण त्यातलं प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवं असं काम मोजकं आहे. दूरचा प्रवास त्या कामासाठी राखून ठेवला आणि कामं योग्य क्रमाने झाली, तर बाकीचं घरी निभावतं. क्रम चुकला तर महागडा मोजा कपाटात पडून राहतो. हा क्रम कळायचा तर आधी सूज कळायला हवी.

रक्ताच्या केशवाहिन्यांमधून पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर झिरपत असतात. यातलं बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाशी पुन्हा रक्तात शिरतं, असं पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जायचं (काहींत अजूनही छापलं जातं). प्रत्यक्षात शरीराच्या बहुतेक भागांत ते लसिकावाहिन्यांच्या वाटेने परत येतं (या वाहिन्यांत शिरलं की त्यालाच लसिका म्हणतात), आणि दिवसभरात ते काही लिटर भरतं. या वाहिन्यांना हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही. त्यांच्यात थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात. दोन झडपांमधला तुकडा स्वतःच आकुंचन पावतो आणि लसिका पुढच्या तुकड्यात ढकलतो. स्नायूंची हालचाल आणि खोल श्वास त्याला हातभार लावतात.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, तिथे रेडिएशन दिलं, किंवा फायलेरियाच्या जंतांनी वाहिन्या निकामी केल्या, की ही वाट बंद पडते. जगभराचा विचार केला तर फायलेरिया म्हणजेच डासांमार्फत पसरणारा हत्तीरोग हे याचं फार मोठं कारण आहे. ज्वालामुखीच्या लाल मातीत वर्षानुवर्षं अनवाणी चालणाऱ्यांना जंताशिवायच पाय सुजण्याचा पोडोकोनिओसिस होतो. काहींच्या लसिकावाहिन्या जन्मतःच कमकुवत असतात. स्तनाच्या कर्करोगाबद्दल २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा: काखेतल्या ग्रंथींचा पुंजका काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के जणींना हाताचा लिम्फेडेमा होतो, आणि फक्त सेंटिनल ग्रंथी (कर्करोग पसरताना सर्वांत आधी जिथे पोहोचतो त्या) तपासण्यापुरत्या काढल्या तर सुमारे ६ टक्के जणींना.

पाण्याबरोबर प्रथिनंही अडकून राहतात, हा या सुजेचा खरा स्वभाव. त्यांच्याभोवती दाह सुरू होतो, तंतुमय ऊती तयार होतात, पुढे चरबीही साठते. सुरुवातीला बोटाने दाबल्यावर खळगा पडतो, नंतर जागा इतकी घट्ट होते की खळगाही पडत नाही. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत, त्याचं कारण हेच. त्यांनी पाणी जातं, प्रथिनं मागे उरतात आणि पुन्हा पाणी धरतात. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी त्या गोळ्या चालू असतील तर अर्थातच आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पहिलं काम गावाजवळच्या डॉक्टरकडेच होऊ शकतं, आणि ते वगळून थेट शहर गाठण्यात अर्थ नाही. प्रत्येक सूज लिम्फेडेमाची नसते. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासावं लागतं. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळीनेही घोटे सुजतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तिथे त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. लिम्फेडेमा ओळखायची एक साधी खूण घरीही पाहता येते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघायची. ती जाड झाल्यामुळे चिमटीत येतच नसेल, तर लिम्फेडेमाची शक्यता दाट. चिमटीत आली म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही.

पायाला दाब द्यायचा तर त्याआधी धमन्यांमधून रक्त नीट पोहोचतं का, हेही पाहिलं पाहिजे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. त्यासाठी रक्तदाबाचा पट्टा आणि रक्ताचा प्रवाह ऐकवणारं, हातात मावणारं डॉप्लर यंत्र पुरतं. गुणोत्तर ०.८ च्या खाली असेल तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय दाब नको, ०.५ च्या खाली असेल तर नकोच. मधुमेह जुना असेल तर धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा चांगला येतो, आणि पायाला बधिरपणा असेल तर मोजा रुततोय हेही कळत नाही. अशा रुग्णाने घाई करू नये.

उपचाराचे दोन भाग आहेत. पहिल्यात सूज उतरवायची, दुसऱ्यात ती उतरलेलीच ठेवायची. पहिल्या भागात बहुपदरी बँडेज, हलक्या हाताने लसिका सरकवण्याचं मालिश, व्यायाम आणि त्वचेची निगा असं सगळं दोन ते चार आठवडे, जवळजवळ रोज चालतं. मोजा येतो दुसऱ्या भागात. सूज उतरवणं हे मोज्याचं कामच नाही, उतरलेली सूज तो धरून ठेवतो. सुजलेल्या पायाचं माप देऊन मोजा मागवला तर तो सुजलेल्या पायालाच बसतो आणि सूज आहे तिथेच राहते. खेड्यातल्या रुग्णांचे पैसे वाया जातात ते बहुधा याच ठिकाणी.

बँडेजचं भौतिकशास्त्र थोडं सविस्तर सांगण्याजोगं आहे. गुंडाळलेल्या पट्टीखालचा दाब तीन गोष्टींवर ठरतो: ताण, थरांची संख्या आणि अवयवाचा घेर. ताण आणि थर वाढले की दाब वाढतो, घेर वाढला की कमी होतो. घोट्याचा घेर २४ सेंटिमीटर आणि पोटरीचा ३६ असेल, तर त्याच ताणाने गुंडाळलेली पट्टी घोट्याशी दीडपट दाब देते. म्हणून निरोगी आकाराच्या पायावर दाब आपोआपच खालून वर कमी होत जातो. लिम्फेडेमात पायाचा आकारच बिघडलेला असतो, म्हणून घोट्याभोवतीच्या खोबणी कापसाने किंवा फोमने भरून आधी पाय गोलसर करतात. मोज्याची वरची कड खाली दुमडू नये असं सांगतात त्यामागेही हाच हिशोब आहे: थर दोन झाले की तेवढ्याच जागी दाब दुप्पट होतो आणि लसिका खाली अडते.

क्रेप बँडेज खूप ताणलं जातं. ते झोपेतही आवळत राहतं आणि चालताना मात्र स्नायूबरोबर पसरतं. लिम्फेडेमासाठी लागतात त्या पट्ट्या कमी ताणल्या जाणाऱ्या असतात. चालताना पोटरी फुगली की त्या भिंतीसारख्या अडून राहतात, आतला दाब वाढतो आणि लसिका पुढे सरकते. विश्रांतीत त्यांचा दाब उतरतो. मुरगळलेल्या घोट्याला क्रेप ठीक आहे, रोजच्या लिम्फेडेमाला नाही.

मोज्यांतही असाच फरक आहे. दुकानात तयार मिळणारे मोजे गोल यंत्रावर, शिवणीशिवाय विणलेले असतात, पातळ आणि जास्त लवचिक. मापानुसार सपाट विणून शिवण घातलेले मोजे जाडसर आणि कडक असतात. ते कातडीच्या घड्यांत शिरत नाहीत, घड्यांवरून जातात. सूज सौम्य आणि आकार सरळ असेल तर तयार मोजा चालून जातो. घड्या पडल्या असतील किंवा आकार वेडावाकडा असेल, तर सपाट विणीचाच घ्यावा, महाग पडला तरी. हातावर घालायच्या दाबाच्या बाहीने बोटं सुजायला लागली तर तिच्यासोबत हातमोजाही लागतो.

दूरवरून मागवताना ‘क्लास २’ एवढंच लिहू नका. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पारा, ब्रिटिश पद्धतीत १८ ते २४ आणि फ्रेंच पद्धतीत १५ ते २०. एकच आकडा, तीन वेगळे मोजे. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर दाब मिलिमीटर पाऱ्यात लिहून घ्यावा.

आता प्रवासाकडे वळू. तज्ज्ञ शोधताना कर्करोग रुग्णालयाचा फिजिओथेरपी विभाग, रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग, हत्तीरोग नियंत्रणाचं काम करणारं आरोग्य केंद्र या जागा आधी पाहाव्यात. भाजलेल्या रुग्णांच्या व्रणांवर मापाचे दाबाचे कपडे शिवणाऱ्या विभागांकडे माप घेणारं अनुभवी माणूस असतं, तिथे चौकशी करायला कुणी सांगत नाही. त्यांचं कापड लिम्फेडेमाला चालेलच असं नाही, पण योग्य जागी पाठवणारा माणूस तिथे भेटू शकतो. लिम्फेडेमाच्या उपचाराचं पूर्ण प्रशिक्षण साधारण १३५ तासांचं असतं. फोनवर एकच प्रश्न विचारला तरी बरंच कळतं: ‘तुम्ही बहुपदरी बँडेज बांधता का?’ नुसतं मालिश करणाऱ्याकडे एवढ्या लांब जाऊ नये. दाबाशिवाय मालिशीचा परिणाम टिकत नाही.

चार आठवडे घर सोडून राहणं बहुतेकांना झेपत नाही. अशा वेळी पहिले काही दिवस तिथे राहून बँडेज बांधायला शिकावं, सोबत घरातल्या एकाला न्यावं, आणि उरलेले आठवडे घरी बांधून मधूनमधून व्हिडिओ कॉलवर दाखवावं. ज्यांना स्वतः बांधणं जमत नाही त्यांच्यासाठी वेल्क्रोचे पट्टे असलेली आवरणं असतात. सूज उतरली की पट्टा आणखी ओढायचा, इतकं ते सोपं. माझ्या मते एकट्याने राहणाऱ्या आणि तज्ज्ञापासून दूर असलेल्या रुग्णासाठी मोज्यापेक्षा हे आवरण अनेकदा अधिक शहाणपणाचं.

सूज कमी होत आहे का, हे टेपने कळतं. सकाळी उठल्यावर, मनगटापासून किंवा घोट्यापासून वर दर ४ सेंटिमीटरवर पेनाने खूण करून घेर मोजायचा, आणि तसाच दुसऱ्या बाजूचाही. आकडे सलग काही दिवस खाली यायचे थांबले की मोज्याचं माप घ्यायची वेळ झाली. दुसरा प्रवास या मापासाठी. माप दिल्यापासून मोजा हातात पडेपर्यंत बराच काळ जाऊ शकतो. तेवढे दिवस बँडेज किंवा वेल्क्रोचं आवरण सोडायचं नाही, नाहीतर सूज परत येते आणि नवा मोजा चढत नाही. मोजा पहिल्यांदा घातल्यावर बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा खोल वळ उठले तर तो काढून कळवावं.

त्वचेचं काम पूर्ण घरचं आहे आणि माझ्या मते सगळ्यांत कमी लेखलं गेलेलं. साचलेल्या लसिकेत जंतू पटकन वाढतात. बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या भेगा, काट्याचा ओरखडा ही त्यांची दारं. रोज साबणाने धुणं, बोटांमध्ये कोरडं करणं, चिखल्यांना मलम, बाकी त्वचेला तेल किंवा क्रीम, आणि पायात चप्पल नव्हे तर बूट. उत्तर इथिओपियाच्या ग्रामीण भागात पोडोकोनिओसिसच्या सुमारे ७०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाय धुणं, त्वचेची निगा, बँडेज, व्यायाम आणि मोजे-बूट एवढं करणाऱ्यांना तीव्र दाहाचे झटके माणशी वर्षाला सुमारे १९ आले, तर हा उपचार तेव्हा न मिळालेल्यांना सुमारे २४. आकडा नाट्यमय नाही, पण हा झटका माणसाला कित्येक दिवस अंथरुणाला खिळवतो. पाय सुजलेल्या आणि सेल्युलायटिस (कातडीतला जंतुसंसर्ग) वारंवार होणाऱ्या ८४ जणांवरची ऑस्ट्रेलियातली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दाबाचा उपचार घेणाऱ्यांपैकी १५ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ४० टक्के जणांना तो पुन्हा झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली.

कातडी लाल, गरम झाली, थंडी वाजून ताप आला, तर तो सेल्युलायटिस समजून लगेच डॉक्टरकडे जायचं आणि दुखणं ओसरेपर्यंत मोजा काढून ठेवायचा. रुग्णालय लांब असेल आणि हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर प्रतिजैविकाचा एक कोर्स डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन घरी ठेवता येईल का, हे विचारून घ्यावं.

शेतातलं, ओझ्याचं काम सोडावं का, असं बरेच जण विचारतात. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाही घालून हळूहळू वाढवत नेलेलं वजन उचलल्याने सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. ‘हळूहळू’ हा शब्द मात्र त्यातला कळीचा.

मोजे दोन लागतात: एक अंगावर, एक धुण्यात. धुताना कपडे मऊ करणारं द्रावण किंवा ब्लीच घालू नये, कडक उष्णतेत वाळवू नये. रबरी हातमोजे घातले की मोजा चढवणं पुष्कळ सोपं होतं. रोजच्या वापरात मोजा साधारण सहा महिन्यांत सैल पडतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा दर सहा महिन्यांना प्रत्येक सुजलेल्या भागासाठी दिवसा घालायचे तीन मोजे देतो, ते याच हिशोबाने. म्हणून पाचव्या महिन्यातच टेप बाहेर काढावी. जुनंच माप पुन्हा पाठवायचा मोह होतो, पण एवढ्या काळात पाय बारीक झालेला असू शकतो किंवा जाड. फरक दिसला, तर मागणीआधी ते आकडे फोनवर तज्ज्ञाला सांगावेत. नवीन मापासाठी जावं लागेल की नाही, हे बहुधा त्यावरूनच ठरतं.