मोकळ्या पक्ष्यांशी सलगी

पिंजरा, दोरी किंवा पंख छाटणे यांतले काहीही न करता मोकळ्या पक्ष्याला आपल्या आसपास निर्धास्त वावरायची सवय लावणे. पक्षी पाळणे निराळे. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांच्या मागोमाग चालणाऱ्या हंसाच्या पिलांचा दाखलाही इथे लागू पडत नाही. ती अंड्यातून निघताच त्यांना आई समजून बसली होती. मोठ्या पक्ष्याची फक्त भीती कमी होते. भीती कमी होण्याला लगेच माया म्हणू नये.

ही भीती मोजता येते. माणूस किती जवळ आल्यावर पक्षी उडतो, ते त्याचे बुजण्याचे अंतर. खेड्यापेक्षा शहरातल्या पक्ष्यांत ते सहसा कमी असते. इंदुरात भर बाजारातले पारवे पायात घोटाळतात, तर सिरपूर तलावावरचे वारकरी पक्षी बांधावर कोणी थबकले की आतल्या पाण्याकडे सरकतात. चालता माणूस त्यांना एक वेळ चालतो, थांबून रोखून पाहणारा चालत नाही.

गच्चीवर सातभाईंची टोळी येते तेव्हा हा प्रकार जवळून दिसतो. आधी एकटाच कठड्यावर उतरतो, मान वाकडी करून एका डोळ्याने माणसाला न्याहाळतो, शीत उचलतो आणि पलीकडच्या भिंतीवर नेऊन खातो. बाकीचे झाडातून कलकलत असतात. पुढे तोच शीत जागेवर खाऊ लागला की काम जमले. त्यासाठी वेळ, जागा आणि शक्यतो माणूसही तोच हवा. त्याने तिरपे बसावे, हात सावकाश हलवावेत. पाहुण्यांना दाखवायला म्हणून पुढे सरकले की सगळे मुसळ केरात.

कावळा तर माणूस ओळखून ठेवतो. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये पक्ष्यांचे अभ्यासक जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेची कडी घालून सोडून दिले. तो मुखवटा दिसला की पुढे कित्येक वर्षे कावळे कालवा करीत; त्यांत कधीच न पकडलेलेही होते. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना की मृताची कोणती इच्छा राहिली, याची चर्चा सुरू होते. भोवतीची अनोळखी गर्दी चार पावले मागे हटवून पाहायला हरकत नसावी.

खाणे हा सलगीचा सोपा, पण बेभरवशाचा मार्ग. इंदुरी माणूस पोह्यांवरची शेव मोठ्या प्रेमाने पुढे करतो. मीठ-तिखटाची ती शेव पाखरांना देऊ नये. बाजरी, ज्वारी, तांदूळ चालतात. चिमणीच्या पिलांना मात्र किडे-अळ्याच लागतात, म्हणून औषध न फवारलेली दोन झाडे दाण्यांहून उपयोगी. उन्हाळ्यात उथळ परळात पाणी ठेवले तरी पुष्कळ होते. धीट झालेला पोपट पकडून पिंजऱ्यात घालणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

परळ रोज घासावा, कारण एकाच भांड्यावर गर्दी झाली की रोग पसरतो. 2020 च्या डिसेंबरअखेर इंदुरात कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन8 विषाणू निघाला. अशा साथीत परळ उचलून ठेवावा, मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय विभागाला कळवावे. पाखरे पुन्हा बुजली तर बुजू द्यावीत.