गेटवरचा गार्ड म्हणजे पोलीस नव्हे

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांपासून लातूरच्या होस्टेलांपर्यंत एक समज घट्ट बसलाय: वर्दीतला गार्ड कुणालाही अडकवून ठेवू शकतो. हे साफ चूक आहे.

खासगी सुरक्षा एजन्सी २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली चालते. हा कायदा एजन्सीला धंद्याचा परवाना देतो, गार्डला पोलिसी अधिकार देत नाही. अटकेच्या बाबतीत गार्ड आणि तुम्ही-आम्ही सारखेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्कानं मिळत नाही) असा गुन्हा घडला, किंवा समोरचा उद्घोषित, म्हणजे कोर्टानं जाहीर केलेला, फरारी असला, तरच सामान्य माणूस पकडू शकतो. आणि विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. स्टोअरमध्ये माल कमी भरला म्हणून शिफ्ट सुटल्यावर कामगाराला केबिनमध्ये कोंडणं यात बसत नाही. उलट कोंडणाऱ्यावरच भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा होऊ शकतो. बॅग तपासायची तर संमतीनं. झटापट करून नाही.

पोलीस किंवा लष्करासारखी वर्दी घातली, तर गार्ड आणि एजन्सीमालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एजन्सी नेमताना परवान्यावरचे जिल्हे जरूर वाचा. तो एका जिल्ह्याचा, पाच जिल्ह्यांपर्यंतचा किंवा राज्यभराचा असतो. मराठवाड्यात जिल्हे आठ, म्हणजे जालन्याला चालणारा परवाना नांदेडला चालेलच असं नाही.