पक्षिनोंद
पक्षिनोंद : वन्य पक्ष्याची जाती, स्थळ, दिनांक व शक्य असल्यास संख्या यांचा पडताळता येईल असा लेखी उल्लेख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंदुकीने टिपून, कातडे भरून जतन केलेला नमुना हाच निर्णायक पुरावा मानला जाई. पुढे दुर्बिणी सुधारल्या तशी केवळ पाहिल्याची नोंदही ग्राह्य धरली जाऊ लागली.

जुन्या नोंदीतील जातिनाम त्या काळच्या वर्गीकरणाला बांधलेले असते. ब्रिटनमधील विलो टिट हा छोटा पक्षी त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या मार्श टिटहून निराळा असल्याचे १८९७ च्या सुमारास, तेही संग्रहालयातील नमुन्यांवरून, लक्षात आले. साहजिकच त्यापूर्वीची मार्श टिटची नोंद नेमकी कोणाची, हे नमुना उरला नसल्यास ठरत नाही. चिफचॅफ व विलो वॉर्बलर हे छोटे पक्षीही दिसायला तितकेच सारखे. पण इंग्रज निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी त्यांना आवाजावरून अठराव्या शतकातच वेगळे ओळखले होते.

नमुना असला म्हणजे नोंद निःशंक ठरते, असेही नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला रानपिंगळा (एक लहान घुबड) पक्षितज्ज्ञ पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी क्ष-किरणांखाली तपासला, तेव्हा कातडे भरण्याच्या मूळ पद्धतीच्या खुणा पूर्वीचे संग्राहक जेम्स डेव्हिडसन यांच्या हातच्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकातला हा नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. ही नोंद बाजूला सारून जुन्या खात्रीच्या स्थळांकडे वळल्यावर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला.

इंग्लंडमधील हेस्टिंग्ज परिसरातील, साधारण १८९२ ते १९३० या काळातील दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी १९६२ मध्ये संशयास्पद ठरवून वगळण्यात आल्या. त्यांतील काही अस्सल असाव्यात, असे एक मत आहे व ते अगदीच निराधार नव्हे; तथापि खऱ्या-खोट्याची निवड करण्याचे साधन हाती नसताना सरसकट वगळणेच अधिक सयुक्तिक वाटते.

अलीकडे छायाचित्र व ध्वनिमुद्रण यांमुळे पडताळणी सुकर झाली आहे. मात्र दुर्मीळ पक्षी आवर्जून नोंदला जातो आणि नेहमीचा सुटतो. शिवाय वाढत्या वयात निरीक्षकाला उच्च स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे पक्षी घटले की कान मंदावले, हा प्रश्न दीर्घकालीन गणनांत उरतोच. म्हणून निरीक्षणाचा कालावधी व ओळखलेल्या सर्व जातींची यादी देणाऱ्या नोंदी तुलनेसाठी अधिक उपयुक्त ठरतात.