फुकटचं काचघर: भांडण तिकिटाचं कमी, वेळेचं जास्त

जुन्या सार्वजनिक काचघरात शिरताना बऱ्याच ठिकाणी दोन दारं लागतात. पहिलं लावून घेतल्याशिवाय दुसरं उघडू नका, अशी पाटी असते. दुसरं उघडलं की चष्म्यावर वाफ धरते आणि मिनिटभर काहीच दिसत नाही, ओल्या मातीचा वास तेवढा येतो. चष्मा पुसून वर पाहिलं की ताडाचं झाड थेट छताला टेकलेलं. आपण तिकीट काढलेलंच नाही, हे यानंतर कधीतरी लक्षात येतं. वॉशिंग्टन, टोरांटो, ग्लासगो, बेलफास्ट, डब्लिन, पॅरिस या शहरांत आजही अशी काचघरं फुकट पाहता येतात.

हे परवडतं कसं, असं पहिल्यांदा मनात येतं. पण जुनी भांडणं चाळली तर तिकिटावरून झालेला वाद त्या मानाने थोडा दिसतो. खरी ओढाताण झाली ती दार कोणत्या वारी आणि किती वाजता उघडायचं यावरून.

फार मागचं थोडक्यात उरकतो. रोमन सम्राटाच्या काकड्या पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांखाली वाढवत, ही नोंद सगळीकडे सापडते. मग युरोपातल्या राजवाड्यांत संत्र्याची झाडं लाकडी पेट्यांत लावून हिवाळ्यात आत ओढून नेण्याची टूम आली. व्हर्सायची संत्र्यांची इमारत १६८० च्या दशकातली. तिला दक्षिणेकडे उंच खिडक्या आहेत, पण बाकी सगळी जाडजूड दगडी भिंत. काचेचं छप्पर नाहीच.

नावांचा घोळ तिथलाच. इंग्रजीतल्या ‘ग्रीनहाऊस’मधलं ‘ग्रीन’ हे मुळात त्या सदाहरित झाडांचं नाव. ती थंडीत ठेवायचं घर म्हणून ग्रीनहाऊस. ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणजेही तेच, जपून ठेवायची जागा. संगीत विद्यालयांना हेच नाव मिळालं ते इटलीतल्या अनाथाश्रमांवरून, कारण तिथे जपायची ती मुलं, आणि त्या मुलांना गाणं शिकवत. आपण मराठीत ‘हरितगृह’ म्हटलं की डोळ्यांसमोर ढोबळी मिरचीचं पॉलिहाऊस येतं, नाहीतर हवामानबदलाची बातमी. म्हणून इथे सरळ काचघर म्हणतो. ग्लासगोच्या प्रसिद्ध काचघराने तर हा घोळ जगूनच दाखवला. ते मुळात एका हौशी श्रीमंताच्या घराजवळ होतं. सुटं करून, तराफ्यांवर लादून शहरात आणलं आणि १८७३ मध्ये पुन्हा उभं केलं. सुरुवातीला तिथे मैफली आणि सभा भरायच्या. झाडांनी ताबा घेतला तो नंतर.

काच स्वस्त झाली तेव्हा सगळं बदललं. ब्रिटनमध्ये काचेवर वजनाप्रमाणे कर होता, तो १८४५ मध्ये उठला. लंडनजवळच्या क्यू बागेतलं ताडांचं काचघर १८४४ ते १८४८ या काळात बांधलं गेलं, म्हणजे काम चालू असतानाच कर गेला. आत बॉयलर होते, आणि धुराने काचा काळ्या पडू नयेत म्हणून तो भुयारातून दूरच्या एका मनोऱ्यापर्यंत नेला होता. लोकांना तो मनोरा शोभेचा वाटायचा. होती ती चिमणी.

आता क्यूबद्दल जरा सविस्तर, कारण पुढच्या बहुतेक वादांचा नमुना तिथेच पडला.

राजघराण्याची ही बाग १८४० मध्ये सरकारकडे आली आणि लोकांना मोकळी झाली, तीही फुकट. पण मोकळी म्हणजे दुपारनंतर. सकाळ अभ्यासकांची, चित्रकारांची आणि माळ्यांची. रविवारी दार उघडलं ते १८५३ मध्ये, सार्वजनिक बांधकामं सांभाळणाऱ्या मंत्र्याच्या हुकुमावरून. रविवार देवाचा, त्या दिवशी करमणुकीची दारं उघडली तर लोक चर्चला जायचे नाहीत, असं मानणारा मोठा वर्ग होता. लंडनच्या मोठ्या सरकारी संग्रहालयाला रविवारी उघडायला १८९६ उजाडलं. त्या मानाने झाडांना लवकर परवानगी मिळाली. कदाचित झाडं बघण्यात पाप कमी वाटलं असेल.

सकाळचा प्रश्न तसाच राहिला आणि १८७० च्या दशकाच्या शेवटी पेटला. आसपासच्या रहिवाशांनी संघटना काढली. आमच्या कराच्या पैशावर बाग चालते, मग दुपारपर्यंत आम्ही कुंपणाबाहेर का, असा त्यांचा सवाल होता. बागेच्या संचालकांनी ठाम नकार दिला. ही शास्त्रीय संस्था आहे, सकाळी पाणी घालायचं, कुंड्या हलवायच्या, नमुने तपासायचे. गर्दी झाली तर काम होणार नाही. शिवाय नुसते हुंदडायला येणारे लोक आणि अभ्यासाला येणारे लोक यांत त्यांनी उघड फरक केला, आणि तो लोकांना जास्त झोंबला.

संचालकांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. काचघरात पहाटे फवारा मारून जमीन ओली करतात, झरोके उघडझाप करतात, वाटेवर नळ्या पसरलेल्या असतात. त्यात शंभर माणसं घुसली तर माळ्याने काय करायचं? तरी मला रहिवाशांचं पारडं जड वाटतं. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या माणसाला दुपारी एकचं दार उघडं असून नसल्यासारखंच. त्याच्या वाट्याला फक्त रविवार. तोही तासाभराचा प्रवास करून आल्यावर जेमतेम तीन तासांचा, आणि सगळं शहर एकाच वेळी आत. मग गर्दी होते म्हणून तक्रार पुन्हा त्याच्याच नावाने. सकाळ लोकांना मिळाली, पण एका फटक्यात नाही. पुढच्या कित्येक वर्षांत थोडी थोडी करून.

अमेरिकेत हाच रविवार वेगळ्या वाटेने आला. पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. तिथल्या एका पोलादसम्राटाने शहराला काचघर भेट दिलं, पण अट घातली की ते रविवारी उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे कारखान्यातल्या माणसांना येता येईल. धर्मगुरू नाराज झाले. १८९३ मध्ये काचघर उघडलं तेव्हा आतली बरीचशी झाडं त्याच वर्षीच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातून आणलेली होती. गंमत अशी की त्या प्रदर्शनाला सरकारी मदत मिळाली होती तीच मुळी रविवारी बंद ठेवण्याच्या अटीवर, आणि ते प्रकरण न्यायालयात गेलं होतं. एका शहरात रविवारच्या भांडणात सापडलेली झाडं दुसऱ्या शहरात जाऊन रविवारी लोकांना दिसू लागली. (त्या काचघराला आज तिकीट आहे. रविवार टिकला, फुकट गेलं.)

शिकागोने स्वतःचं मोठं काचघर १९०८ मध्ये उघडलं. छपराचा आकार गवताच्या गंजीसारखा, आत दगडांमधून झिरपणारं पाणी आणि नेचे (फर्न). तिथे तिकीट नव्हतं.

तिकिटाची गोष्ट खरी सुरू होते कोळशापासून. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ इथे २२७ फूट लांब, ६७ फूट उंच असं एक खासगी काचघर होतं. त्याला आठ बॉयलर आणि गरम पाण्याचे सात मैल लांबीचे नळ लागत. युद्धात ते थंड पडलं, आतली झाडं मेली आणि १९२० मध्ये सांगाडा सुरुंग लावून पाडला. क्यूमध्ये याच युद्धाच्या काळात, १९१६ साली, दारावर १ पेनी घेणं सुरू झालं. मध्ये ती रद्द झाली, परत आली, आणि आज तिथलं तिकीट पौंडांत मोजावं लागतं. मोफत काचघर चालवायचं तर हिवाळ्याचं इंधन कोणीतरी भरायला हवं, एवढाच या व्यवहाराचा गाभा. जिथे ते शहराच्या अंदाजपत्रकात बसतं तिथे दार उघडं राहतं. सिंगापूरला उलटी तऱ्हा आहे. बाहेरच्या उकाड्यापासून आतल्या झाडांना गार ठेवावं लागतं, म्हणून २०१२ मध्ये उघडलेल्या तिथल्या खाडीकाठच्या बागेत उघड्यावरची झाडं फुकट आणि काचेचे दोन घुमट तिकिटाचे.

खर्च नुसत्या उबेचाही नसतो. ३० जून २०११ च्या गारपिटीत शिकागोच्या त्या काचघराच्या हजारो काचा फुटल्या. नेच्यांच्या दालनात पानापानांत काचेचे तुकडे अडकले होते. जाड हातमोजे घालून ते एकेक करून वेचावे लागले. दुरुस्तीला काही वर्षं लागली, आणि तिकीट तेव्हाही लागलं नाही. सिएटलमधल्या १९१२ च्या काचघराने मात्र २०१० च्या दशकात प्रवेशशुल्क लावलं. सॅन फ्रान्सिस्कोने मधला मार्ग काढला: शहरात राहत असल्याचा पुरावा दाखवा आणि फुकट या, बाहेरच्यांनी पैसे मोजा. क्यूच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्यांचा ‘आमचा कर’ इथे वेगळ्या रूपात परत आलेला दिसतो.

आणि वेळेचं भांडणही संपलेलं नाही. लंडनच्या मध्यवस्तीत, एका नाट्यगृहाच्या मनोऱ्याभोवती १९८० च्या दशकात बांधलेलं काचघर फुकट आहे, पण ठरावीक दिवशीच, आणि बरेचदा आधी वेळ नोंदवून. करोनानंतर ही पद्धत अनेक शहरांत रुळली. फोनवर तारीख निवडायची, मोकळी घटका शोधायची, रक्कम शून्य दाखवणारी पावती जपून ठेवायची. ज्याची कामाची पाळी आदल्या रात्री ठरते त्याने दोन आठवडे आधी घटका कशी निवडायची, हे मात्र तो फॉर्म विचारत नाही.

सुरणाच्या कुळातलं सुमात्राचं महाकाय फूल क्यूमध्ये १८८९ साली उमललं. ते एक-दोन दिवसच टिकतं, सडक्या मांसासारखा वास मारतं आणि तो वास रात्री सर्वांत उग्र असतो. त्या फुलासाठी हल्ली काही काचघरं मध्यरात्रीपर्यंत उघडी ठेवतात, रांगा लागतात. ॲमेझॉनच्या अवाढव्य थाळ्यासारख्या पानांच्या कमळाला तेवढं भाग्य नाही. त्याचं फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होतं. बहुतेक काचघरं चार-पाचला बंद होतात. रखवालदार वाटेवरून ‘चला, वेळ झाली’ म्हणत येतो तेव्हा तळ्यात कळी अजून मिटलेलीच असते.