ट्रेलरमधील उत्कंठानिर्मिती

चित्रपटाच्या जाहिरातीसाठी साधारण दोन-अडीच मिनिटांत बांधलेल्या झलकीतून प्रेक्षकाच्या मनात ‘पुढे काय?’ ही हुरहूर जागी करण्याचे तंत्र. कॅमेरा, संकलन आणि ध्वनी ही त्याची तीन साधने. त्यांपैकी ध्वनीचा वाटा सर्वांत मोठा, पण चर्चा मात्र बहुधा दृश्यांचीच होते.

ट्रेलर म्हणजे मागून येणारा. सुरुवातीच्या काळात या झलका मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडले. पुढे त्या आधी दाखवू लागले तरी नाव तेच राहिले. न्यूयॉर्कमधील मार्कस लो यांच्या थिएटरांचे प्रसिद्धीचे काम पाहणारे निल्स ग्रॅनलंड यांनी १९१३ मध्ये ब्रॉडवेवरील एका संगीतिकेच्या तालमींची छोटी फिल्म दाखवली. ट्रेलरचा इतिहास सामान्यतः तिथून सांगितला जातो.

उत्कंठा आणि धक्का यांतला फरक रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो तिथे ठेवला आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर टेबलाशी चाललेल्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात. म्हणजे उत्कंठेसाठी प्रेक्षकाला माहिती द्यावी लागते. ट्रेलरची खरी अडचण इथेच आहे. सगळे सांगितले तर तिकीट कोण काढील, आणि काहीच सांगितले नाही तर काळजी कशाची वाटायची? म्हणून चांगला ट्रेलर बॉम्ब आहे एवढे सांगतो. तो कोणत्या टेबलाखाली आहे ते सांगत नाही. ‘सायको’च्या (१९६०) सहा मिनिटांहून लांब ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः मोटेलचा आणि घराचा सेट हिंडून दाखवतात. इथे काय घडले ते बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतात आणि पुढच्या खोलीकडे वळतात. शेवटी न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढला जातो आणि किंचाळणारी बाई दिसते. ती चित्रपटातल्या न्हाणीघराच्या प्रसंगातली नटी जॅनेट ली नाही, तर विग घातलेली दुसरी नटी व्हेरा माइल्स आहे.

कॅमेऱ्याच्या संयमाचा नमुना म्हणून ‘द शायनिंग’चा (१९८०) ट्रेलर पाहावा. सबंध ट्रेलरभर एकच चित्रचौकट आहे: हॉटेलच्या लिफ्टचे दोन बंद दरवाजे, शेजारी खुर्च्या. कॅमेरा जागचा हलत नाही. श्रेयनामे खालून वर सरकत जातात आणि वेंडी कार्लोस व रेचल एल्काइंड यांचे कर्कश होत जाणारे संगीत तेवढे चढत राहते. नावे संपतात, तरी चौकट तशीच. मग दाराच्या कडेने रक्ताचा लोंढा संथ गतीत बाहेर पडतो, खुर्च्या वाहू लागतात आणि भिंगच लाल होते. पात्र नाही, संवाद नाही, कथेचा धागाही नाही. आधी त्या रिकाम्या दारांकडे पाहत बसावे लागले नसते, तर हा लोंढा नुसता भव्य वाटला असता. तो भयंकर वाटतो तो त्या वाट पाहण्यामुळे.

एरवीची दृश्यतंत्रे बहुतेकांच्या ओळखीची आहेत: बंद दाराकडे हळूहळू सरकणारा कॅमेरा, पात्राच्या पाठीमागे रिकामी सोडलेली जागा, तिरकी चौकट, हातात धरलेल्या कॅमेऱ्याची थरथर. सर्वांत परिणामकारक म्हणजे प्रतिक्रियेचा क्लोजअप. पात्र चौकटीबाहेर काहीतरी पाहते, त्याचे डोळे विस्फारतात, आणि त्याला काय दिसले ते दाखवण्याआधीच पडदा काळा होतो. ती काळी चौकट बहुधा सेकंदभरही टिकत नाही, पण तेवढ्यात प्रेक्षक आपल्या मनातली भीती तिथे बसवून मोकळा होतो.

ध्वनीत पहिला मान ‘राइझर’चा, म्हणजे पट्टी आणि जोर दोन्ही वाढत जाणाऱ्या आवाजाचा. शिट्टी होण्याआधी कुकरची फुसफुस वाढते तेव्हा स्वयंपाकघरातला माणूस नकळत थांबतो. राइझर नेमके तेच करतो. आरोह तार षड्जावर टेकला की कान निवतात. राइझर तिथे टेकू देत नाही. ऐन टोकाला आवाज तोडला जातो. मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये मांडलेला ध्वनिभ्रम याच्याही पुढचा आहे. त्यात एकच सूर अनेक सप्तकांत एकदम वाजतो. वरचा थर विरत जातो, खालून नवा येतो, आणि सूर अखंड चढतोच आहे असे वाटते.

तोडलेल्या आवाजानंतर शांतता येते, आणि तिच्यात एखादाच बारीक आवाज ठेवतात: श्वास, दाराची कडी, घड्याळाची टिकटिक. त्यामागोमाग ‘हिट’, म्हणजे कानांपेक्षा छातीत जाणवणारा खर्जाचा ठोका. २०१० च्या ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरांनंतर पितळी वाद्यांचा ‘ब्राम’ असा प्रचंड हुंकार इतका रुळला, की पुढची काही वर्षे ट्रेलरमागून ट्रेलर त्याच आवाजात बोलत होते. ट्रेलरचे संगीत चित्रपटाच्या संगीतकाराचेच असते असे नाही. या चित्रपटाचे संगीत हान्स झिमर यांचे, पण ट्रेलरमध्ये गाजलेली ‘माइंड हाइस्ट’ ही रचना झॅक हेम्सी यांची.

‘एलियन’च्या (१९७९) ट्रेलरमध्ये एकही संवाद नाही. एका अंड्याला तडा जातो, फटीतून उजेड सांडतो, आणि मग भोंग्यासारखी किंकाळी पुन्हा पुन्हा उठत असताना पळणारी माणसे तुकड्यातुकड्यांत दिसतात. शेवटी अक्षरे उमटतात: अंतराळात तुमची किंकाळी कुणालाच ऐकू जात नाही. एवढ्या कानठळ्या बसवल्यानंतर हे वाक्य निःशब्द येते, म्हणून ते इतके झोंबते. कोणताही भयपटाचा ट्रेलर एकदा आवाज बंद करून पाहावा आणि एकदा डोळे मिटून ऐकावा. भीती कुठे राहते ते लगेच कळते.

मोठ्या आवाजाची चढाओढ मात्र हाताबाहेर गेली होती. प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर अमेरिकेत चित्रपटगृहांतील ट्रेलरच्या सरासरी ध्वनिपातळीवर ८५ डेसिबलची मर्यादा आली. हे बंधन कलेच्याही फायद्याचेच म्हणायला हवे. सरासरी राखायची असेल तर कुठेतरी शांत व्हावेच लागते.

भारतात चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरलाही केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडच्या भयपटांत राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची (२०१८) झलक वेगळी उठून दिसते. कोकणातला पाऊस, जुना वाडा आणि कंदिलाच्या उजेडापलीकडचा काळोख यांवर तिचा भर आहे. कंदील तंत्राच्या दृष्टीनेही फार उपयोगी: तो जेवढे दाखवतो त्याहून जास्त लपवतो.

आता बहुतेक ट्रेलर प्रथम मोबाइलवर पाहिले जातात, आणि त्याच्या इवल्या स्पीकरमधून खर्जाचा ठोका ऐकूच येत नाही. बोट पुढे सरकू नये म्हणून आरंभीच्या चार-पाच सेकंदांत सगळी चमकदार दृश्ये ओतण्याची रीत पडली आहे. ती उत्कंठेच्या मुळावरच येते, कारण जे शेवटी यायचे ते आधीच येऊन जाते. इअरफोन लावणाऱ्याच्या बाबतीत मात्र संकलकाला वेगळी संधी मिळते. डाव्या कानाशी झालेली कुजबुज थिएटरात कधीच इतक्या जवळून ऐकू आली नसती.