एमपीएलएस

मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग, म्हणजे पॅकेट (जाळ्यातून जाणारा माहितीचा तुकडा) आयपी पत्त्याऐवजी, म्हणजे मुक्कामाच्या यंत्राच्या आकडी पत्त्याऐवजी, त्यावर चिकटवलेल्या लेबलावरून पुढे धाडण्याची पद्धत. साध्या जाळ्यात वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे पॅकेट पुढे धाडणारे यंत्र, पत्ता नव्याने वाचतो आणि आपल्या तक्त्यात त्याच्याशी जास्तीत जास्त जुळणारी नोंद धुंडाळतो. इथे हा खटाटोप वेशीवरच्या राउटरवर एकदाच होतो. आतले राउटर लेबलाचा आकडा पाहतात, बदलतात आणि पॅकेट पुढे ढकलतात.

लेबलाचा मथळा ३२ बिटांचा. त्यातला आकडा २० बिटांचा, ३ बिट प्राधान्याचे, ८ आयुर्मर्यादेचे (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकेल ते) आणि १ बिट ‘खाली आणखी लेबल नाही’ हे सांगणारा, कारण एका पॅकेटवर एकावर एक लेबले चिकटवता येतात.

लेबल आणि पिनकोड यांची गल्लत करू नये. ४४०००१ हा पिन देशात कुठेही वाचला तरी नागपूरच. सार्वजनिक आयपी पत्ता त्या जातीचा. लेबल दोन शेजारी राउटरांपुरतेच खरे. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या पेटीवर मारलेला मार्का ट्रकवाल्याला पुरतो, तसे हे; फरक एवढाच की इथे दर नाक्यावर जुना मार्का पुसून नवा मारला जातो.

१९९६च्या सुमारास इप्सिलॉन, सिस्को वगैरे कंपन्यांनी असे प्रयोग मांडले ते वेगासाठी. आरएफसी (इंटरनेटच्या मानकांची दस्तऐवजमाला) ३०३१ हे मानक जानेवारी २००१मध्ये आले, तोवर पत्ता शोधणाऱ्या चिपाच इतक्या चपळ झाल्या होत्या की ते कारण लंगडे पडले. तरी पद्धत टिकली, कारण तिची खरी कमाई वेगळीच होती.

समजा, नागपुरातल्या सीताबर्डीतल्या दोन कंपन्यांच्या गोंदिया-चंद्रपूरला शाखा आहेत आणि दोघींनीही आतल्या जाळ्यात १९२.१६८.१.० हीच पत्त्यांची मालिका वापरली आहे. सेवादात्याच्या एकाच जाळ्यातून दोघींचे पॅकेट जाते. बाहेरचे लेबल ते पलीकडच्या वेशीपर्यंत नेते, आतले लेबल ग्राहक कोण ते सांगते. मधल्या राउटरांना ग्राहकांचे पत्ते ठाऊक असण्याचीही गरज नाही. खासगी जाळ्यांचा धंदा उभा राहिला तो यावर.

दुसरी सोय वाट ठरवण्याची. मुंबईकडची सगळी वाहतूक जवळच्या वाटेवर कोंबण्याऐवजी थोडी हैदराबादमार्गे वळवता येते. रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडली, तर आधीच आखून ठेवलेल्या पर्यायी वाटेवर पॅकेट ५० मिलिसेकंदांच्या आसपास वळू शकतात. मात्र दोन्ही फायबर एकाच चरातून टाकल्या असतील, तर जेसीबीचा एकच दणका दोघींना पुरतो.